दोर चांगला होता

चुडामण ठेकेदारानं जीपमधून दोराचं भेंडोळं काढलं आणि अभिमनच्या अंगणात फेकलं. भेंडोळं गडगडत गोठ्याच्या दारापर्यंत गेलं. दारात बांधलेली म्हैस दचकून उठली.

"डोझर आणायचा आहे, अभिमन. पारोळ्याहून तलावावर. पावसाच्या आत भिंत झाली पाहिजे माझी."

अभिमन ट्रॅक्टरखालून निघाला. हाताचं ग्रीस चिंधीला पुसता पुसता त्याची नजर दोरावर गेली आणि तिथंच राहिली. काथ्याचा दोर, मनगटाएवढा जाड, कापसाच्या गाड्यांवर आवळून आवळून काळा पडलेला. मधोमध एक गाठ होती. गाठ अभिमनच्या हातची. मागच्या उन्हाळ्यात तो दोर कोयत्यानं कापावा लागला होता. त्याखालून पुनाला काढायचं होतं. पुना त्याचा धाकटा भाऊ. नंतर कापलेली टोकं अभिमननंच बांधून दिली होती, कारण ठेकेदाराचा दोर ठेकेदाराला परत द्यायचा असतो.

"शेठ, हाऊ दोर तोच शे," अभिमन म्हणाला.

"तोच आहे. मग? दोर चांगला आहे. तुटला नव्हता, आपण कापला होता. वरचा माणूस झोपला त्याला दोर काय करेल?"

घराच्या आत दाराशी काहीतरी आपटलं. तांब्या असेल.

"वर कोणाला बसवतो या वेळी?" ठेकेदारानं विचारलं. "जागा राहील असा बसव."

ओट्यावर हिलाल बसला होता. अभिमनच्या बायकोचा, भिकूबाईचा भाऊ. लग्न झालेलं, पण सासरी शेती नाही आणि घरी भाकर नाही, म्हणून बहिणीकडं कामाला राहिलेला. त्यानं हात वर केला. "मी बसस ना शेठ. मना डोया घुबडना शेतस."

ठेकेदार हसला आणि जीप धुरळा उडवत गेली.

इकडचा रिवाज असा की मालाला बांधायचा दोर मालवाल्यानं द्यायचा. गाडीवाल्यानं चाकं आणायची. कापूस भरला तर शेतकरी दोर देतो, केळी भरली तर व्यापारी देतो. आणि बांधून झालं की एक माणूस मालावर चढून बसतो. त्याला वरचा माणूस म्हणतात. तारा लागल्या तर काठीनं उचलायच्या, दोर ढिला झाला तर पहारीनं पीळ द्यायचा, हे त्याचं काम. कापसावर बसणं म्हणजे मजा. खाली मऊ, वर वारा. कापूस दबतो, दोर त्यात रुततो, रुतला की धरून ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्या हेच बांधत आलेल्या माणसांना कुणीतरी एक दिवस लोखंड आणून दिलं आणि सांगितलं, बांधा. त्यांनी बांधलं. कापसासारखंच बांधलं. वरून दोर टाकला, खाली कड्यांना आवळला, पहारीनं पीळ दिला आणि पुढं एक माणूस बसवला.

लोखंड दबत नाही. दोर त्यात रुतत नाही.

ठेकेदाराला हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल तर तो खोटारडा. ठेकेदाराला फक्त गरज नव्हती.

*

झुंबरबाई दाराआड उभी होती. पुनाची बायको. अभिमन तिचा जेठ, थोरला दीर, म्हणून त्याच्यासमोर तिचं तोंड उघडं नसे आणि त्याच्याशी ती थेट बोलत नसे. एका घरात, एका चुलीवर आठ वर्षं काढली, पण जेठाशी एक शब्द नाही. बोलायचं ते जेठानीला, थोरल्या जावेला सांगायचं. जेठ तिथंच बसलेला असला तरी.

"अक्का," ती दाराआडून म्हणाली, "भाऊले सांग, या दोरवर कोन्हीच बसाव नही."

भिकूबाई भाकरी थापत होती. ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "ऐकं ना?"

"ऐकं. मी काय बहिरा शे?"

"मंग बोला ना."

"तिले सांग, दोर ठेकेदारना, माल ठेकेदारना. आपला फक्त ट्रेलर शे."

"अक्का, त्यास्ले इचार, माणूस कोना व्हता?"

भिकूबाईनं हे विचारलं नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि हात तसाच हवेत धरून बसली. अभिमननं विडी पेटवली, विझली, परत पेटवली.

हिलाल म्हणाला, "वैनी, मी झोपाव नही. खरंच सांगस. तंबाखूना बार लावसू, वर बसीसन गाना म्हनसू..."

"त्याबी झोपेल नव्हतात," झुंबरबाई म्हणाली.

 वर्षभर हे वाक्य त्या घरात कुणी बोललं नव्हतं. पुना झोपला, पुना प्यायला होता, असं ठेकेदार बोलला, मग त्याचा मुकादम बोलला, मग चहाच्या टपरीवर बोललं गेलं, आणि तेराव्याला आलेली माणसं पत्रावळीवर बसून तेच बोलली. बिचारा. झोप लागली. झोपेला कोण काय करणार? आणि ज्यानं त्या दिवशी डोझरवर गाठ बांधली होती तो अभिमनही मान हलवून हो म्हणाला, कारण पुना झोपला नसेल तर गाठ सुटली असं होतं.

"अक्का, त्यास्ना मूठमा पहार व्हती. भाऊनी सोता मूठ उघाडी. झोपेल माणूस पहार धरस का? एवढं इचार."

अभिमननं विडी जमिनीवर दाबली. तो उठला, ट्रेलरपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मूठ त्यानंच उघडली होती. एकेक बोट. आंगठा सर्वांत शेवटी. पहारीला दोराचा पीळ अजून गुंडाळलेला होता. म्हणजे दोर ढिला पडला, पुना पीळ द्यायला उठला, आणि उतारावर डोझर ट्रेलरच्या लोखंडी पाट्यावरून पुढं घसरला. डोझरचं पातं आणि ट्रेलरचं पुढचं फाळकं, मधे पुना. हे अभिमनला त्याच दिवशी दिसलं होतं. दिसलेलं सगळंच माणूस बोलतो असं नाही.

"अक्का," दाराआडून परत आवाज आला.  "त्या झोपनात म्हनतस, म्हनीसन दोर चांगला. दोर चांगला म्हनीसन आज हिलाल. हिलालनंतर कोन, ते भाऊले इचार. आनि सांग, साखळी लागीन. मी लई येस धुयाहून."

"पैसा?" भिकूबाईनं विचारलं.

"शेतस ना. ठेकेदारनी तेरवीले देयेल शेतस. मी हात लावा नही त्यास्ले."

अभिमन पाठमोराच होता. त्यानं ट्रेलरच्या कड्यावरचा गंज अंगठ्यानं खरवडला. मग हिलालला म्हणाला, "काडी घे. या कड्यानं माप घी जा. चारी कड्यांचं."

*

धुळ्याची बस उन्हानं तापून भट्टी झाली होती. खिडकीशी बसलेल्या झुंबरबाईचा एक गाल भाजत होता. हिलालनं कडीच्या मापाची काडी कानावर विडीसारखी अडकवली होती आणि कंडक्टरला सांगत होता की ती जादूची काडी आहे, तिच्यानं साखळी आपोआप मिळते.

फागण्याच्या जवळ एका ढाब्यापुढं मोठा ट्रेलर उभा होता. त्यावर पिवळी क्रेन. झुंबरबाई एकदम उठली.

"थांबाडा! उतरनं शे!"

"धुळं अजून पुढं आहे, बाई."

"आम्हाले आठेच उतरनं शे."

बस निघून गेली. हिलाल रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून उभा राहिला. "वैनी, तिकीट धुयानं शे! मी मना बापना लगीनमाबी इतला चाललो नही."

ती ऐकत नव्हती. ती ट्रेलरभोवती फिरत होती. क्रेनच्या चारी कोपऱ्यांना साखळ्या होत्या. वरून टाकलेलं काहीच नव्हतं. साखळ्या आखूड, खालून, तिरप्या. पुढच्या दोन मागं ओढत होत्या, मागच्या दोन पुढं ओढत होत्या, म्हणजे मशीननं कुठं जायचं म्हटलं तरी कुणीतरी तिचा पाय धरून बसलेलं. प्रत्येक साखळीत मधे एक लांबट लोखंडी चौकट, दोन्हीकडून आट्याचे दांडे शिरलेले. चौकट फिरवली की साखळी कसते. तिनं साखळीवर हात मारला. ती वाजली नाही, इतकी ताठ होती. मग ती मागं सरकली, मान वर करून क्रेनच्या पुढं बघितलं, मागं बघितलं.

ड्रायव्हर खाटेवर बसून डाळ-रोटी खात होता. डोक्याला फडकं, दाढी वाढलेली, कुठला तरी लांबचा.

"भाऊ," ती म्हणाली, "याच्यावर कोन बसस?"

"क्या?"

हिलालनं हिंदी केलं. "ऊपर कौन बैठता है, पूछती है. मशीन के ऊपर. दोर, रस्सी देखने को."

ड्रायव्हर हसायला लागला. त्यानं शेजारच्या क्लीनरला ढोसलं. "सुन, सुन. ऊपर कौन बैठेगा, बाई? मरना है क्या किसी को?"

क्लीनरही हसला. मग त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. मोकळं कपाळ, मोकळा गळा. हसणं थांबलं. ड्रायव्हरनं तोंडातला घास गिळला आणि खाटेवर जागा केली. ती बसली नाही. तिनं फक्त विचारलं की त्या चौकटीला काय म्हणतात.

"टर्नबकल," तो म्हणाला. "आटा देखके लेना, बाई. पूरा खोलके. बाहर से सब अच्छा ही दिखता है."

धुळ्यापर्यंत ते दोघं एका टेम्पोत मिरच्यांच्या पोत्यांवर बसून गेले. हिलाल वाटभर शिंकत होता. झुंबरबाई एकदाच बोलली.

"मरना है क्या, म्हनना ना तो?"

"म्हनना."

"आपले कोन्ही इचारं नही हाई."

*

आग्रा रोडच्या मागं भंगाराच्या दुकानांची रांग. रुपचंद भंगारवाल्याचं दुकान सर्वांत मोठं होतं, म्हणजे त्याचं लोखंड रस्त्यावर सर्वांत पुढं आलं होतं. गिअरपेट्या, पंपांची पोटं, मोडके नांगर आणि साखळ्यांचे ढीग. रुपचंद सावलीत स्टुलावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होता.

"साखळी? कोणाला बांधायचं, बाई? नवऱ्याला?"

आजूबाजूचे दोन हमाल हसले. हिलाल पुढं झाला, पण झुंबरबाईनं त्याला हातानं अडवलं.

"नवराले नही, भाऊ. नवरा ज्यानी मारा, ते बांधनं शे."

हमाल कामाला लागले. रुपचंदनं पुठ्ठा खाली ठेवला, पण दुकानदार तो दुकानदारच. आधी त्यानं तारेचा रोप दाखवला. जाड, पिळदार, तेलानं चमकणारा. "हा घ्या. हलका. साखळीपेक्षा हलका." झुंबरबाईनं त्यावरून तळहात फिरवला आणि झटकन ओढून घेतला. तुटलेल्या तारेचं टोक तळव्यात घुसलं होतं. रक्ताचा थेंब तिनं लुगड्याला पुसला.

"हाऊ नको."

मग त्यानं काळीभोर साखळी ओढून काढली. "ही बघा. मुंबईचा माल. जहाज तोडलं त्याची. हिला काय होत नाही."

हिलालचे डोळे मोठे झाले. "वैनी, हिनाघाई तं हत्ती बांधाई जाई!"

झुंबरबाई खाली बसली. तिनं साखळी मांडीवर ओढली, वजनानं तिचा गुडघा वाकला, आणि ती पदरानं एकेक कडी पुसायला लागली. डांबर. साखळी काळी नव्हती, डांबरात बुडवून काढलेली होती. ती कडीच्या अंगाकडं बघतच नव्हती. कडी कडीत जिथं अडकते ती आतली जागा ती नखानं खरवडत होती. म्हशीची साखळी ज्यानं रोज सोडलीय-बांधलीय त्याला हे सांगावं लागत नाही. साखळी मधे तुटत नाही. कडी कडीला जिथं घासते तिथं झिजते आणि तिथं तुटते. वरून जाड दिसते, आतून करंगळी उरलेली असते.

"बाई, मंगळसूत्र घ्यायला आलीस का?" रुपचंद वैतागला. "एकेक मणी बघते ती!"

ती थांबली. नख तसंच कडीत. हिलालनं डोळे मिटले. त्याला वाटलं, आता ही साखळी उचलून या माणसाच्या डोक्यात घालणार.

"मंगळसूत्र घेतांना देखं नव्हतं," झुंबरबाई म्हणाली. "आते देखस." आणि ती कडी तिनं त्याच्यापुढं धरली. डांबराखाली, घासायच्या जागी, निम्मं लोखंड गेलेलं होतं. "हाई तुम्ही तुमनी गाडीले बांधशात का?"

 रुपचंदनं हमालाला हाक मारली आणि मागच्या पत्र्याच्या खोलीतून दुसरी साखळी आणवली. ती काळी नव्हती. राखाडी, भुरकट गंजाची, कुरूप. झुंबरबाईनं तीही सगळी पाहिली. एकदा डोळ्यांनी, एकदा बोटांनी. एका कडीचा सांधा तिला उघडा वाटला, तो तुकडा तिनं कापायला लावला. हुक आणले. एका हुकाचं तोंड जरा फाकलेलं होतं. "हाऊ कधी तरी जास्त ओढी गयेल शे," ती म्हणाली आणि बाजूला टाकला. हिलालनं कानावरची काडी काढून हुकाला लावून पाहिली. टर्नबकल तिनं चारही पूर्ण उघडायला लावले. दोहोंचे आटे ग्रीसमध्ये लपलेले होते. ग्रीस पुसलं तर एकाचे आटे दातासारखे पडलेले. तो तिनं बदलून घेतला.

"तुला कोणी शिकवलं हे?" रुपचंदनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"शिकाडं कोनी नही. शिकाडतं तं आठे येती का मी?"

पैसे तिनं कनवटीतून काढले. ठेकेदारानं दिले तसे, त्याच सुतळीनं बांधलेले. ती सुतळी तिनं सोडली नाही, दातानं तोडली.

*

पारोळ्याला बाजार समितीच्या मागच्या मैदानात डोझर उभा होता. पट्ट्याचा, पिवळा रंग उडालेला, पुढं रुंद पातं. फळ्या लावून त्याला ट्रेलरवर चढवला तेव्हा ट्रेलर कण्हला आणि टायर पसरले. लोखंडाचे पट्टे लोखंडाच्या पाट्यावर. पाय सरकावा तसे सरकत होते.

तमाशा बघायला हमाल जमले होते, बाजाराला आलेले शेतकरी जमले होते. ठेकेदार जीपला टेकून उभा. त्यानं साखळ्या बघितल्या आणि तोंड वाकडं केलं.

"हे कशाला? कोणाचं हे?"

"मनं शे," झुंबरबाई म्हणाली. डोक्यावरून पदर, पण आवाज उघडा.

"अभिमन, वेळ नाही. साहेब येणार आहेत तलावावर. ते हुक बसव, ते फिरव, दिवस जाईल. दोर टाक, हिलालला बसव आणि चल. दोर चांगला आहे. मागच्या खेपेलाही चांगला होता."

अभिमन ट्रॅक्टरवर बसलेला होता. त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते आणि हातांकडंच बघत होता.

"चांगला शे ना, शेठ?" झुंबरबाईनं विचारलं.

"चांगलाच आहे!"

"मंग तुम्ही बसा वर."

कुणीतरी खी करून हसलं. ठेकेदाराचा चेहरा लाल झाला. "मी ठेकेदार आहे, बाई."

"म्हनीसनच. माल तुमना, दोर तुमना. इकडना रिवाज शे. मंग वरना माणूसबी तुमनाच जोयजे. आम्ही आमना माणूस मागला साल दिना, ती आमनी चूक व्हती."

हमालांच्या घोळक्यातून एक आवाज आला, "बरोबर बोलनी बाई." दुसरा म्हणाला, "बसा ना शेठ, वर हवा चांगली लागते." ठेकेदारानं अभिमनकडं पाहिलं. अभिमननं पहिल्यांदा मान वर केली.

"शेठ, मना घरमा वरना माणूस आते ऱ्हायना नही. ट्रेलर नेनं व्हई तं न्या. दुसरा लावा."

दुसरा नव्हता. पंचक्रोशीत डोझर पेलेल असा खालच्या पाट्याचा ट्रेलर एकच होता, आणि ठेकेदार नव्वद माणसांच्या समोर "दोर चांगला आहे" असं बोलून बसला होता. बोललेलं मागं घ्यायची त्याला सवय नव्हती. दुसऱ्याच्या अंगावर टाकायची होती. त्यानं चप्पल झटकली आणि तो चढला. पात्याच्या पुढं, फाळक्याला पाठ लावून बसला. जिथं पुना बसला होता तिथं.

अभिमन खाली उतरला. त्यानं दोर टाकला, आवळला, पहारीनं पीळ दिला. मागच्या वर्षी बांधला तसाच. त्याहून वाईट नाही, त्याहून चांगला नाही. मग त्यानं पहार ठेकेदाराच्या हातात दिली.

"ढिला पडना तं पीळ द्या."

हिलालनं चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा खांद्यावर घेतला आणि साखळ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लादल्या. झुंबरबाई ट्रेलरच्या बाजूनं चालू लागली. अनवाणी. डांबर पायाला चिकटत होतं.

सपाटीला काही झालं नाही. ठेकेदार वरून ओळखीच्या माणसांना हात करत होता. एकाला तर म्हणाला, "चल, येतो का वर?" डांबरी सुटली, कच्चा रस्ता लागला, आणि पहिल्याच खड्ड्यात डोझर एवढासा हलला. पट्ट्यांच्या धारेवर दोर करकरला. पीळ अर्धा उलगडला. ठेकेदारानं पहार फिरवली. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. दुसरा खड्डा. परत पीळ. तो आता कुणाला हात करत नव्हता.

मग उतार आला. नदीकडं जाणारा, दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी, मधे चाकोऱ्या. ट्रेलरला ब्रेक नसतात, ट्रॅक्टर गिअरवर रोखायचा. अभिमननं गिअर खाली घेतला. ट्रॅक्टर अडखळला, ट्रेलरनं मागून ढकललं, आणि डोझर हात-दीड हात पुढं सरकला.

झुंबरबाईला ते दिसलं. सगळ्यांत आधी तिलाच. पट्टा पाट्यावरून सरकताना झालेला चर्र आवाज, दोराचा मधेच पडलेला झोळ, ठेकेदाराचे उचललेले पाय. त्याचं तोंड उघडं होतं, पण ट्रॅक्टरच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं.  तिनं एक पाऊल टाकलं, मग आणखी एक, आणि ती ओरडली नाही. हे असंच झालं होतं. ऊन असंच होतं. बाभळी ह्याच. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही, कारण कुणाला दिसलं नाही, कारण कुणी बघतच नव्हतं. आता ती बघत होती. आणखी एक पाऊल. फक्त गप्प राहायचं होतं.

"भाऊ!" ती ओरडली. "भाऊ, थांबाडा! थांबाडा!"

अभिमननं मान वळवली. आठ वर्षांत तो आवाज त्याच्याकडं थेट आलेला नव्हता. त्यानं क्लच, ब्रेक, सगळं दाबलं. हिलालनं धावत जाऊन ठोकळा चाकाखाली घातला आणि वरून स्वतःचा पाय दिला. डोझर आणखी बोटभर सरकला आणि थांबला.

पात्यात आणि फाळक्यात ठेकेदाराच्या छातीएवढीच जागा उरली होती. त्याची एक चप्पल पात्याखाली चिरडून पापडासारखी झाली होती. पाय त्यानं कसा काढला ते त्यालाही माहीत नव्हतं. हातात पहार होती. मूठ सुटत नव्हती. अभिमन वर चढला आणि त्यानं ती मूठ उघडली. एकेक बोट. आंगठा सर्वांत शेवटी.

मग कुणी कुणाला न विचारता साखळ्या उतरवल्या गेल्या. मागचे दोन कोपरे आधी, मग पुढचे दोन. हुक कड्यात बसले. हिलाल पहार घालून टर्नबकल फिरवायला लागला, साखळ्या एकेक करून ताठ झाल्या, आणि झुंबरबाईनं प्रत्येकीवर हात मारून पाहिला. वाजते का. वाजत नव्हती. दोर अभिमननं सोडला, गुंडाळला आणि ठेकेदाराच्या पायाशी टाकला.

ठेकेदार बांधावर बसला होता. एक पाय अनवाणी, फुफाट्यात.  मागून आलेले हमाल आणि तलावावरचे मजूर उतारावर उभे होते.  झुंबरबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कपाळावर ओढलेला पदर तिनं मागं सारला.

"शेठ, वर झोप लागनी व्हती का?"

त्यानं वर पाहिलं. तिच्याकडं, मग माणसांकडं. तो काही बोलेल म्हणून माणसं थांबली.  नदीकडून गरम वारा आला आणि बाभळीच्या शेंगा खडखडल्या.

"अभिमन," ठेकेदार शेवटी म्हणाला, "पुढच्या कामाला तुझा ट्रेलर नको मला."

"नको तं नको," अभिमन म्हणाला.

मजुरांतला एक म्हातारा माणूस थुंकला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "पुना झोपेल नव्हता रे." मोठ्यानं म्हणाला. शेजारी म्हणाला, "नव्हताच."

झुंबरबाईनं पदर परत पुढं ओढला. ती ट्रेलरच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि जेठाकडं न बघता, पण जेठालाच, म्हणाली, "चला, भाऊ."

हिलालनं ठोकळा काढला. ट्रॅक्टर कण्हला, साखळ्यांनी एकदा ताण घेतला, आणि ट्रेलर उतारानं खाली निघाला. वर कोणी नव्हतं.